निर्मल ऋषी प्रत्येक चित्रपटात ‘तीच आजी’ असतात का?

प्रश्न एका तरुण अभिनेत्रीचा आहे. ती पुण्यात प्रायोगिक नाटकं करते. थोडक्यात प्रश्न असा: “ताई, पंजाबी चित्रपटांत आजीच्या भूमिका करणाऱ्या निर्मल ऋषी यांना सगळे अष्टपैलू म्हणतात, त्यांना पद्मश्रीही मिळाली. मी त्यांचे तीन-चार चित्रपट पाहिले. मला प्रत्येकात तीच खमकी म्हातारी दिसली. मग अष्टपैलू कशा? विचारण्याचं कारण असं की मी २८ वर्षांची आहे आणि मला आत्तापासूनच वहिनी, मावशी, आई अशाच भूमिका येतात. त्या घेत राहिले तर मीही अशीच अडकेन का?”

तू जे पाहिलंस ते खोटं नाही. त्या चित्रपटांत खमकी म्हातारी आहेच. पण तू साडी पाहिलीस आणि बाई पाहायची राहिली, असं मला वाटतं. पंजाबच्या बाबतीत म्हणायचं तर सलवार-कमीज आणि चुन्नी पाहिलीस.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन चंदीगडला आले त्याला २३ वर्षं झाली. इथे नाटकाच्या कार्यशाळा घेते आणि पंजाबी चित्रपटांसाठी चरित्र भूमिकांची पात्रनिवड करते. म्हणजे हिरो-हिरॉइन सोडून उरलेली सगळी माणसं मी शोधते: सासरे, सरपंच, दूधवाला, आत्या, बेबे (म्हणजे आजी). त्यामुळे या प्रश्नाशी माझा रोजचा संबंध आहे, आणि निर्मलजींबद्दल बोलताना मी तटस्थ राहू शकत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

पंजाबी चित्रपटाची एक गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला माहीत नसते. इथला हिरो बहुतेक वेळा गायक असतो. हरभजन मान, गिप्पी ग्रेवाल, दिलजित दोसांझ, अमरिंदर गिल, अ‍ॅमी विर्क हे सगळे आधी गायक म्हणून घराघरांत पोचले, मग पडद्यावर आले. लोक तिकीट काढतात ते त्यांच्यासाठी. त्यांच्यातले काही पुढे फार चांगले नट झाले, पण पहिल्या चित्रपटात उभं राहताना त्यांच्या हाताशी गाणं असतं, अभिनयाची तालीम नसते. मग प्रसंग उचलून धरायचं काम कुणाकडे येतं? बाजूला मांजीवर, म्हणजे खाटेवर, बसलेल्या काका-मावशीकडे. ही माणसं बहुतेक रंगभूमीवरून आलेली असतात. त्यामुळे पंजाबी चित्रपटातलं अष्टपैलूपण शोधायचं तर चरित्र नटांच्या रांगेत शोधावं लागतं, आणि त्या रांगेचा उगम पाहायला पतियाळ्याला जावं लागतं.

निर्मलजींचा जन्म १९४३चा, मानसा जिल्ह्यातल्या खीवा कलां गावचा. हा माळवा भाग, सतलजच्या दक्षिणेचा, कापूस आणि गव्हाचा. नाटकाची ओढ शाळेपासूनच होती, पण शिक्षण घेतलं शारीरिक शिक्षणाचं, पतियाळ्याच्या सरकारी महाविद्यालयात. नाटक केलं हरपाल टिवाणा आणि नीना टिवाणा यांच्याकडे. हे जोडपं दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून परतलेलं, आणि त्यांनी पंजाबी नाटकाला शिस्त लावली. त्याच मंडळींमध्ये ओम पुरी होते. हो, तेच ओम पुरी, जे पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि ज्यांचा पहिला चित्रपट मराठी होता, १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’. पतियाळ्याची तालीम पुण्यापर्यंत अशी एकदा आपल्या दारात येऊन गेली आहे. आज पतियाळ्यात हरपाल टिवाणांच्या नावाचं कला केंद्र उभं आहे.

ऐंशीच्या दशकात हरपाल टिवाणांनी ‘लौंग दा लिश्कारा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. राज बब्बर, ओम पुरी त्यात होते, संगीत जगजित सिंगांचं. त्यात निर्मलजींनी गुलाबो मासी, म्हणजे गुलाबो मावशी, केली. निर्मलजी तेव्हा चाळिशीला आल्या होत्या, चित्रपट पहिला, आणि भूमिका दरारा असलेल्या बाईची. ती अशी ठसली की आजही पंजाबात म्हातारी माणसं त्यांना ‘गुलाबो मासी’ म्हणूनच ओळखतात. आपल्याकडे निळू फुल्यांना बघून बायका खरोखर पदर सावरायच्या म्हणतात ना, त्या जातीची ही ओळख.

आता इथे तुझी भीती खरी ठरायला हवी होती. पहिल्याच चित्रपटात शिक्का बसला. पुढे एकामागून एक गुलाबो मासी करत बसायचं, एवढंच उरलं होतं. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण सुखाचं नाही. पंजाबात तेव्हा दहशतवादाचे दिवस होते. संध्याकाळनंतर लोक घराबाहेर पडत नव्हते, तिथे थिएटरात कोण जाणार? त्या काळचे सर्वांत मोठे पंजाबी नट-दिग्दर्शक वीरेंद्र यांची ६ डिसेंबर १९८८ रोजी चित्रीकरण चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली. आधीच लहान असलेला धंदा मोडून पडला. जे चित्रपट निघत ते बंदुका आणि सूडाचे. चाळीस-पन्नाशीच्या, रंगभूमीवर घडलेल्या नटीला त्यात कामच नव्हतं.

या वर्षांकडे मी फार आदराने पाहते. निर्मलजींची नोकरी होती, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेची, त्यावर घर चाललं आणि नाटक चालू राहिलं. पडद्यावर कमी दिसल्या म्हणून त्या थांबलेल्या नव्हत्या. २०१२चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो नाटकाच्या पुण्याईवर. ज्या चित्रपटांमुळे तू त्यांना ओळखतेस, ते जवळजवळ सगळे त्यानंतरचे आहेत.

२००२ साली मनमोहन सिंग यांनी ‘जी आयां नूं’ काढला तिथून पंजाबी चित्रपट पुन्हा उभा राहू लागला. हे मनमोहन सिंग म्हणजे यश चोप्रांकडे छायाचित्रण करणारे. पुढच्या दहा वर्षांत विनोदी चित्रपटांची लाट आली. आणि मग २०१५ साली ‘अंग्रेज’ आला. १९४५च्या पंजाबातल्या गावची गोष्ट, लेखक अंबरदीप सिंग, दिग्दर्शक सिमरजीत सिंग. तो चालला आणि निर्मात्यांच्या लक्षात आलं की लोकांना गाव पाहायचंय, जुनी भाषा ऐकायचीय, अंगणातली मांजी पाहायचीय. एकदम अशा माणसांची गरज पडली ज्यांच्या तोंडी ती भाषा मुळातच आहे. निर्मलजी तेव्हा ७२ वर्षांच्या होत्या. ‘अंग्रेज’, ‘बंबूकाट’, ‘निक्का जैलदार’ आणि त्याचे पुढचे भाग, ‘लौंग लाची’, असं काम येतच गेलं. माणसं सत्तरीत निवृत्तीचं बोलतात, त्या वयात ही बाई गल्लोगल्ली ओळखीची झाली.

आता तुझ्या मूळ मुद्द्याकडे येते, ‘तीच ती म्हातारी’. एक प्रयोग करून बघ. ‘निक्का जैलदार’ आणि २०२३चा ‘गोड्डे गोड्डे चा’ हे दोन चित्रपट घे. आधी आवाज बंद करून फक्त निर्मलजींचे प्रसंग पाहा.

‘निक्का जैलदार’मधली आजी घराचा कारभार हातात ठेवून आहे. नातवाचं लग्न तिच्या शब्दाबाहेर होणार नाही. तिचं बसणं पाहा. वजन पूर्ण खाली सोडलेलं असतं आणि मान हलते ती अगदी शेवटी, आधी डोळे वळतात. दुसऱ्यांनी तिच्याकडे यायचं असतं. ‘गोड्डे गोड्डे चा’ची गोष्ट वेगळी. वरातीत बायकांनी जायचं नाही अशी जुनी रीत, आणि यावेळी आपण जायचंच असं ठरवणाऱ्या बायका. नावाचा अर्थच ‘गुडघा-गुडघाभर हौस’. तिथे म्हातारी वयाने सगळ्यांत मोठी, पण हुकमाची सगळी सूत्रं पुरुषांकडे. शरीर तेच, पण वजन पुढे सरकलेलं असतं. काहीतरी व्हावं अशी वाट पाहणारं माणूस जसं खुर्चीच्या कडेला बसतं, तसं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराचं राहू दे, तू बसणं बघ.

हे शरीराचं भान कुठून आलं? मी ठामपणे मानते की शारीरिक शिक्षणातून. ज्या बाईने वर्षानुवर्षं मैदानावर मुलींची ढोपरं, खांदे, पाठीचे कणे पाहिले, तिला म्हातारपण नुसतं वाकून दाखवावं लागत नाही. कार्यशाळेत मी हाच व्यायाम देते: मांजीवरून उठा. पाच मिनिटं फक्त उठायचं. बहुतेक मुलं-मुली कमरेवर हात ठेवून ‘आई गं’ करत उठतात आणि त्यांना वाटतं म्हातारपण झालं. मग मी विचारते, हिचा कुठला गुडघा दुखतो? डावा की उजवा? हिने आयुष्यभर कापूस वेचला की शिलाई केली? कापूस वेचलेली बाई आधी तळवे मांडीवर टेकते, मग उठते. शिलाई केलेली बाई मानेने उठते. एक उत्तर बदललं की पूर्ण बाई बदलते.

दुसरा प्रयोग आवाजाचा. आता चित्र झाक आणि फक्त ऐक. तुला पंजाबी येत नसली तरी चालेल. मराठी माणसाला या भाषेत एक उब वाटते, कारण ‘पाणी’ इथेही ‘पाणी’च आहे आणि ‘काळा’तला ळ हिंदीने टाकला तरी पंजाबीने ठेवलाय. पण एक गोष्ट आपल्याकडे नाही, ती म्हणजे सुरांचे चढउतार. पंजाबीत शब्दाचा अर्थ सुराने बदलतो. घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी हे तीन शब्द इथे कानाला जवळजवळ ‘कोडा’ असेच येतात. घोड्यात सूर खाली जातो, कुष्ठरोग्यात वर जातो, चाबकात सपाट राहतो. नवख्या नटाचं पंजाबी ऐकताना इथला प्रेक्षक दोन वाक्यांत ओळखतो की हा बाहेरचा.

त्यावर पुन्हा बोली. माळव्यात ‘तुहाडा’ (तुमचं) म्हणत नाहीत, ‘थोडा’ म्हणतात. ‘किवें’ (कसं) तिथे ‘किमें’ होतं. अमृतसरकडची ‘माझी’ नावाची बोली वेगळी, सतलज आणि बियास नद्यांमधल्या दोआब्याची दोआबी वेगळी. आजीला काय हाक मारतात यावरूनही घर कळतं: ‘बेबे’ म्हटलं की शेतकऱ्याचं घर, ‘बीजी’ म्हटलं की जरा शहरी, ‘झाईजी’ म्हटलं की बहुधा फाळणीनंतर तिकडून आलेलं खत्री-अरोडा कुटुंब. माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली होती, ती सांगते. माळव्यातल्या गावची काकू हवी होती आणि मी एका चांगल्या, अनुभवी शहरी अभिनेत्रीला निवडलं. पाठांतर चोख, भाव चोख. चित्रीकरण गावातच होतं. पहिल्या वाक्याला भिंतीपलीकडून बघणाऱ्या बायकांमध्ये हसू फुटलं. एकीने मला नंतर अगदी प्रेमाने विचारलं, “ही काकू सुट्टीला आलीय का?” मी ते आजही विसरलेले नाही. त्या अभिनेत्रीचा दोष नव्हता, निवड माझी होती.

निर्मलजींच्या तोंडी माळवा मुळातच आहे. पण त्या तो प्रत्येक वेळी सारख्याच प्रमाणात वापरत नाहीत, हे ऐकण्यासारखं आहे. त्यांचा आवाज जाड, खर्जातला, तो बदलता येत नाही. वेग मात्र बदलतो. ‘खसमां नूं खाणिये’ ही इथल्या म्हाताऱ्यांची नेहमीची शिवी, शब्दशः ‘नवऱ्याला खाणारी’. आपल्या ‘मेले’ किंवा ‘सटवे’सारखी. ती रागात येते, लाडात येते आणि काहीच सुचत नसलं की पोकळी भरायलाही येते. चांगली नटी ही एक शिवी तीन प्रकारे देते आणि ऐकणाऱ्याला तिन्ही वेळा वेगळं नातं कळतं. वेशभूषेला हात न लावता.

एवढ्यासाठी मी म्हणते की अष्टपैलू शब्दाचा आपण फार ढोबळ अर्थ लावतो. आज पोलीस, उद्या वेडा, परवा राजा, हा एक प्रकार झाला आणि तो पुरुष नटांना सहज मिळतो. साठीच्या पुढच्या बाईला लेखक एकच कप्पा देतात, ‘आजी’. मग तिचं सगळं कसब त्या एका कप्प्यात दहा बायका बसवण्यात जातं. ललिताबाई पवारांना आपण खाष्ट सासू म्हणून ओळखतो, पण १९५९च्या ‘अनाडी’तली मिसेस डिसा पाहिलीस तर त्याच कडक आवाजातून माया कशी पाझरते ते दिसेल. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं होतं. ललिताबाईंनी शिक्का पुसायच्या मागे न लागता त्याच्यामागची माणसं वेगळी केली.

विनोदी नट जसविंदर भल्लांचं उदाहरणही देते, कारण त्यांच्याबद्दलही हाच आक्षेप घेतला जायचा. ते लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात प्राध्यापक होते, विषय कृषी विस्तार, म्हणजे शेतीतलं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा. १९८८ साली बाल मुकुंद शर्मांबरोबर ‘छणकाटा’ ही विनोदी कॅसेट काढली, त्यातला चाचा चतर सिंग गावोगावी पोचला. २०१२च्या ‘कॅरी ऑन जट्टा’मधले वकील ढिल्लों तर लोकांना तोंडपाठ आहेत. तुकबंदीची तीच लकब, तीच पगडी. पण दिवसभर शेतकऱ्यांशी बोलायचं काम केलेल्या माणसाचे कान कसे असतात ते त्यांच्या पात्रांत ऐकू येतं. चतर सिंग गावच्या कट्ट्यावर बसून बोलतो, ढिल्लों कोर्टाच्या आवारातून शिकलेलं बोलतो. २०२० साली ते विद्यापीठातून निवृत्त झाले, २२ ऑगस्ट २०२५ला गेले, आणि त्या दिवशी चंदीगड-मोहालीत जो तो आपापल्या आवडत्या संवादानेच त्यांची आठवण काढत होता.

दोघांमध्ये एक साम्य तुझ्या लक्षात आलं असेल. दोघांनाही पगार होता. यात मला काही कमीपणा वाटत नाही, उलट तुझ्यासारख्या मुलींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. पगार असला की नको ती भूमिका नाकारता येते आणि काम नसलेली वर्षं कडवट न होता निघतात. आणि नोकरीतून मिळालेलं साहित्य अभिनयात उतरतं. मैदान उतरलं, शेतकऱ्यांची बैठक उतरली. तू काय नोकरी करतेस ते लिहिलं नाहीस. करत असशील तर ती अभिनयाच्या आड येते असं धरून चालू नकोस.

एक बोच मात्र आहे आणि ती लपवणार नाही. निर्मलजींचं वय पन्नास-साठ असताना त्यांच्यासाठी भूमिका लिहिल्या गेल्या असत्या, तर आपण काय काय पाहिलं असतं? कर्त्या वयाची बाई, जिला नातवंडं नाहीत, जिचं स्वतःचं काही म्हणणं आहे, अशी भूमिका पंजाबी चित्रपटाने फार थोडी लिहिली. २०२४ साली, वयाच्या ८०व्या वर्षी, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच यादीत पतियाळ्याच्याच रंगभूमीवरचे प्राण सभरवाल यांचंही नाव होतं. मला फार आनंद झाला, आणि त्याच संध्याकाळी ती मधली वर्षं आठवून वाईटही वाटलं.

आता तुझं. २८व्या वर्षी मावशी-आईच्या भूमिका येतात याचा अर्थ तुझा आवाज, बांधा किंवा नजर वयापेक्षा जड आहे. ते बदलायच्या मागे लागू नकोस. पण येईल ती प्रत्येक भूमिका घेऊही नकोस. संहितेत त्या बाईला तीन गोष्टी आहेत का बघ: तिला स्वतःला काहीतरी हवंय का, ती कुणाला तरी ‘नाही’ म्हणते का, आणि ती नसेल तर प्रसंग अडतो का. तिन्ही नसतील तर नम्रपणे नकार दे. एक जरी असेल तर घे. ‘मावशी’ हा शब्द बघून मागे फिरू नकोस. निर्मलजींचं तर अवघं नाव मासीवरून झालंय.

आणि घेतलीस तर दिग्दर्शकाला रंगभूषेबद्दल विचारण्याआधी लेखकाला फोन कर आणि विचार की ही वहिनी कुठल्या तालुक्यातली आहे. माणची असेल तर एक बोलेल, गुहागरची असेल तर दुसरं. लेखकाला सांगता आलं नाही तर तूच ठरव, मग एसटीने तिथे जा, दोन दिवस राहा, आणि बाजारात बसणाऱ्या बायका पाटीवरून उठतात कशा ते बघून ये.